सामायिकमधला काना

सगळं काम अकरा मिनिटांचं होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही. प्रकरण होऊन गेल्यावर मी तसंच एक जुनं मशीन घरच्या टेबलावर मांडलं, मोबाइलवर घड्याळ लावलं आणि तेच काम पुन्हा करून पाहिलं. अकरा मिनिटं, त्यातली चार मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची. तेव्हापासून कुणी माझ्यासमोर ‘प्रोसेस’ हा शब्द उच्चारला की माझं डोकं फिरतं. मुलगी म्हणते, आई, तुझ्या कुकरची शिटी हल्ली लवकर होते. होत असेल.

मी तेव्हा नोएडातल्या एका कंपनीत होते. ज्या छोट्या संस्थांना, दवाखान्यांना स्वतःचा आयटीवाला माणूस ठेवणं जमत नाही, त्यांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळायचो. लग्न करून पुण्याहून दिल्लीला आले त्याला सोळा वर्षं झाली होती आणि त्यातली बारा मी हेच करत होते. लोकांना वाटतं हे फार हुशारीचं काम आहे. खरं म्हणजे त्यातलं बरंचसं ठिगळं लावणं असतं. सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी भोक सापडतं, ते बनवणारे ठिगळ पाठवतात, आपण ते ज्या त्या मशीनवर नेऊन लावायचं. ऑफिसात याला पॅच मारणं म्हणतात. वेळेवर मारला तर तुम्ही काही केलंत हे कुणाला कळतही नाही, आणि म्हणूनच ते काम पुढे ढकलायला कुणालाच काही वाटत नाही.

आमच्या गिऱ्हाइकांत एक मराठी संस्था होती. तिचं नाव मी सांगणार नाही. पहाडगंजच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर ऑफिस आणि खाली सहा खोल्या. नांदेड, यवतमाळ, धुळ्याकडून दिल्लीच्या मोठ्या इस्पितळांत उपचारांना येणाऱ्या लोकांना उतरायला जागा द्यायची, त्यांचे कागद लावून द्यायचे, डॉक्टरांच्या तारखा मिळवायच्या, हे तिचं काम. दिवसभर मराठीत बोलता येईल असं मला दिल्लीत हे एकच ठिकाण होतं. त्यामुळे तिथली कामं मी मागून घ्यायचे.

तिथलं सगळं एक ताई बघायच्या. वय छप्पन्न, माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं. त्यांचे मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्या बदलीबरोबर ताई दिल्लीत आल्या आणि इथेच राहिल्या. खुर्चीमागे दीक्षाभूमीचं चित्र असलेलं कॅलेंडर, टेबलावर तीन रंगांची पेनं आणि एक टोकदार पेन्सिल. टायपिंग दोन बोटांनी चालायचं, पण पत्राचा मसुदा असा बांधायच्या की इस्पितळाच्या खिडकीतल्या सगळ्यात कजाग माणसालासुद्धा ते पत्र परत करायला निमित्त मिळायचं नाही. एका शब्दाला दोन अर्थ निघतात असं वाटलं की त्या तो शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायच्या आणि दुसरा शोधायच्या. मला त्यांची थोडी भीतीच वाटायची.

एकाच नावाचे चार-चार रुग्ण येत, म्हणून फायली ठेवण्याची त्यांनी आपली पद्धत काढली होती. आधी गाव, मग नातं, मग अवयव. ‘किनवट-आजोबा-डोळा’. ‘पुसद-मावशी-किडनी’. मी पहिल्यांदा ती यादी पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. मग सहज म्हणून ‘शिरपूर-बाळ-हृदय’ उघडलं. आत एका पाच महिन्यांच्या मुलीचे रिपोर्ट होते, तीन इस्पितळांची पत्रं होती आणि ताईंनी प्रत्येक तारखेपुढे लिहिलेले शेरे होते. मी ते बंद केलं आणि पुन्हा कधी हसले नाही.

या सगळ्या फायली ताईंच्या टेबलाखालच्या एका काळ्या मशीनवर होत्या. आकाराने मोठ्या डब्याएवढं, जुनं, गरम होणारं. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून त्यातला एकच फोल्डर उघडायचा आणि ताईंनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘सामायिक’. सामायिक भिंत म्हणतो, सामायिक विहीर म्हणतो, त्यातलं सामायिक. सगळ्यांचं. पासवर्डसुद्धा नव्हता, कारण मदतीला येणारे स्वयंसेवक तो विसरत. मी दोनदा सांगून पाहिलं होतं की पासवर्ड घाला आणि पाहुण्यांचं वायफाय तरी वेगळं करा. दोन्ही वेळा माझं बोलणं चहाबरोबर पिऊन टाकण्यात आलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी ते भोक सापडलं. एकाच फोल्डरमध्ये अनेकांनी काम करण्यासाठी जे सॉफ्टवेअर असतं, त्यातच ते होतं. ज्याला त्या फोल्डरमध्ये नुसती फाइल ठेवायची मुभा आहे, त्याला ती फाइल त्या मशीनवर चालवताही येत होती. म्हणजे ओसरीवर चपला काढू दिलेला माणूस थेट देवघरात. नव्या मशीनसाठी पॅच लगेच आला. ताईंचं मशीन बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलचं काम केव्हाच सोडलं होतं, त्यामुळे त्याला पॅच येणार नव्हता. पण तात्पुरता बंदोबस्त होता: सेटिंगमध्ये एक ओळ घालायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. हीच ती अकरा मिनिटं.

सगळ्या गिऱ्हाइकांची मिळून चाळीसेक मशीन होती. मी यादी केली आणि फोल्डरची नावं जशी होती तशी, देवनागरीत लिहिली. यादी आमच्या मॅनेजरकडे गेली. हे लखनौकडचे, वडील हिंदीचे शिक्षक, भाषेबद्दल फार हळवे. ऑफिसात कुणी ‘कृपया’ चुकीचं लिहिलं तरी त्यांना घास गिळवत नसे. त्यांनी यादीचे दोन टप्पे पाडले, तातडीचं आता आणि बाकीचं उन्हाळ्यानंतर, आणि मंजुरीसाठी मला परत पाठवली. मी ती मेट्रोत उभ्याने, मोबाइलवर पाहिली. सगळ्या ओळी आहेत ना एवढं बघितलं. ‘सामायिक’ दिसलं. मी ओके लिहून पाठवलं.

दुसऱ्या शनिवारी सकाळी मी पहाडगंजला गेले. संस्थेची बाकीची दोन मशीन जेवायच्या आधी आटोपली. मग कामाचा कागद बघितला तर ताईंचं मशीन त्यात नव्हतंच. मी मॅनेजरांना फोन लावला. म्हटलं, मी इथेच बसलेय, मशीन माझ्या पायाशी आहे, उगाच पुन्हा फेरी कशाला. ते म्हणाले की ते दुसऱ्या टप्प्यात आहे, मंजुरीशिवाय हात लावायचा नाही, उद्या काही बंद पडलं तर जबाबदार कोण. मी म्हटलं, त्यात लोकांचे कागद आहेत. यावर त्यांनी जे म्हटलं ते मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

“लिस्ट तुमने ही ओके की है, यार. जो लिस्ट में है वही करो.”

मी फोन ठेवला. मला राग आला होता, पण तो नोकरदार माणसाला येतो तसला, गिळता येण्याजोगा. ताईंनी चहा आणला होता. त्यांनी टेबलाखाली बोट दाखवून विचारलं, “मॅडम, माझ्या डब्याला नाही का मारायचा तुमचा पॅच?”

“पुढच्या फेरीत, ताई,” मी म्हणाले, चहा संपवला आणि बॅग उचलून निघाले.

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला त्यांचा फोन आला. “मॅडम, किनवटचे आजोबा उघडत नाहीयेत.” मला आधी नीट कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, मावशी पण नाही, बाळ पण नाही, सगळ्यांच्या नावांना काहीतरी शेपूट लागलंय. मी नोएडाहून निघाले आणि मेट्रोत बसून देवाला मानत नसतानाही काहीबाही म्हणत होते. जाऊन बघते तर प्रत्येक फाइलच्या नावामागे तीच निरर्थक अक्षरं, आणि फोल्डरच्या तळाशी एक इंग्रजी चिठ्ठी, कुलूप उघडायचं असेल तर आमच्याशी बोला अशी. मी राखीव प्रतींकडे धावले. प्रती सहा महिन्यांतून एकदा निघायच्या, आणि ताईंच्या फोल्डरची शेवटची प्रत मागच्या दिवाळीची निघाली. या उन्हाळ्याच्या फेरीत कुणीतरी त्याला प्रतींच्या यादीतूनही वगळलं होतं.

खाली सहाही खोल्या भरलेल्या होत्या. किनवटच्या आजोबांची शस्त्रक्रियेची तारीख दोन दिवसांवर होती आणि त्यांची सगळी पत्रं त्या फोल्डरमध्ये. ताई रडल्या नाहीत. वही घेऊन त्या खोल्याखोल्यांतून फिरल्या. तुमच्या मोबाइलवर रिपोर्टचा फोटो आहे का, गावातल्या डॉक्टरकडे प्रत असेल का, नातवाला फोन लावा. संध्याकाळपर्यंत त्यांनी आजोबांचे निम्मे कागद उभे केले. त्यांच्यासमोर मी आयटीवाली म्हणून मिरवत होते आणि माझा उपयोग शून्य होता.

दोन दिवसांनी, गुरुवारी, सचिवांच्या खोलीत बैठक झाली, मलाही बसवलं होतं. सचिव म्हणजे एक निवृत्त अधिकारी, शांत बोलणारे, आणि त्यांच्याबरोबर कार्यकारिणीतले आणखी एक गृहस्थ. आमच्या मॅनेजरांनी चौकशी न करताच अहवाल पाठवला होता आणि त्यात ‘यूजर एरर’ लिहिलं होतं. म्हणजे वापरणाऱ्याची चूक. म्हणजे ताईंची, कारण तो फोल्डर ताईंचा. ताईंना विचारलं तेव्हा त्यांनी, कुणी विचारलेला प्रश्न टाळायचा नसतो म्हणून, खरं ते सांगितलं: रविवारी एक मेल आला होता, त्यात फोटो होता, मी दाबलं पण तो उघडला नाही. झालं. सगळ्यांना हवं ते मिळालं. सचिवांनी त्यांच्याकडून माफीचं पत्र लिहून घेतलं आणि सांगितलं की तुमचा करार वर्षाचा, पुढचं वर्ष द्यायचं की नाही ते कार्यकारिणी ठरवेल. त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी.

ताई बाहेर गेल्यावर ते दुसरे गृहस्थ म्हणाले, “यांना कितीही शिकवा, शेवटी…” आणि हात हलवला. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझं आडनाव त्या खोलीत चालणारं होतं, म्हणूनच ते माझ्यासमोर म्हणता आलं, हे मला त्या क्षणी कळलं. आणि कळूनही मी लॅपटॉपकडे बघत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि मी दोरी धरून उभी होते, तरी मी एवढंच म्हणाले की मला मशीनच्या नोंदी पूर्ण बघायच्या आहेत.

त्या मला आठवडाभर पुरल्या. घुसखोर ताईंच्या कॉम्प्युटरवरून आलेलाच नव्हता. तो खालच्या पाहुण्यांच्या वायफायवरून आला होता, कुणाच्या तरी आधीच व्हायरस लागलेल्या लॅपटॉपमधून. त्याने सामायिक फोल्डरमध्ये एक फाइल ठेवली आणि त्याच भोकातून ती चालवली. ताईंना आलेला मेल मी उघडून पाहिला. लग्नाची पत्रिका होती, बिचारी, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला उघडता न येणारी. एवढं कळल्यावरही एक गोष्ट मला उमगत नव्हती. रुग्णांचे कागद असलेलं मशीन दुसऱ्या टप्प्यात टाकलं कशाला, आणि प्रतींच्या यादीतून काढलं कशाला. एवढा मूर्खपणा फुकट होत नाही.

शनिवारी दुपारी मी मंजूर झालेली यादी छापून जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. माझी मुलगी नववीत. जन्म दिल्लीचा, मराठी घरापुरतं. पाण्याची बाटली घ्यायला आली आणि कागदावर डोकावून म्हणाली, आई, तुमच्या ऑफिसला करंट अफेअर्सचा फोल्डर कशाला लागतो?

मी म्हटलं, कुठलं करंट अफेअर्स, ते सामायिक आहे. कॉमन.

“सामयिक लिहिलंय. आमच्या जीकेच्या पुस्तकावर असतं ना, सामयिकी. यार आई, नीट वाच तो सही.”

मी नीट वाचलं. ‘म’चा काना नव्हता. आमच्या मराठी इतिहासात ‘ध’चा ‘मा’ केल्याचं ऐकत आलो आहोत, इथे तेवढीही मेहनत कुणी घेतली नव्हती. नुसता काना गेला होता. आणि शेजारच्या रकान्यात, जो मी मेट्रोत अंगठ्याने सरकवून पुढे गेले होते, मॅनेजरांनी लिहिलं होतं: ‘पत्र-पत्रिकाएँ. लो.’ लो म्हणजे तातडी कमी. हिंदीत सामयिक म्हणजे त्या त्या वेळचं, नियतकालिक. आमच्या शुद्धलेखनप्रेमी साहेबांना वाटलं की या मराठी बाईने मात्रा चुकवली. त्यांनी ती सुधारली, आणि सुधारलेल्या शब्दाच्या अर्थाप्रमाणे ठरवलं की संस्थेत जुनी मासिकं स्कॅन करून ठेवत असतील. मासिकांना कशाला घाई, आणि मासिकांच्या प्रती तरी कशाला ठेवायच्या. त्यांनी त्यांच्या सवयीप्रमाणे वाचलं. मी माझ्या सवयीप्रमाणे. काना तिथे नसताना मी तो डोळ्यांनीच लावला आणि ओके म्हटलं. मुलगी विचारत होती की काय झालं. मी तिच्यावरच खेकसले आणि मग त्याबद्दल माफीही मागितली.

सोमवारी मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांना लगेच कळलं, हे मला त्यांच्या कानांवरून दिसलं, लाल झाले होते. माणूस वाईट नव्हता. पण आधी म्हणाले की मी तर तुझं स्पेलिंग ठीक केलं होतं, आणि मग म्हणाले की एका मात्रेवरून एवढा तमाशा कशाला. मी आवाज चढवला. मी म्हटलं की नांदेडकडच्या एका बाईची नोकरी त्या मात्रेला लटकलेली आहे, आणि तिने तुमचा खोटा अहवाल खरा मानून माफी लिहून दिली आहे. बाहेरची सगळी मंडळी काचेतून बघत होती. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि सांगितलं की सुधारित अहवाल मी स्वतः पाठवतो, लीगलकडून जायला हवा, क्लायंटशी तू थेट बोलू नकोस, बिल्कुल नाही. कार्यकारिणीच्या आधी पोचेल, वादा रहा.

मी थांबले. हे लिहिताना आता अंगाचा तिळपापड होतो, पण तेव्हा मी थांबले. रोज विचारायचे, रोज ते म्हणायचे, लीगलकडे आहे. मी स्वतःला समजावत होते की कंपनीच्या कागदावर गेलं तर त्याला वजन येईल. खरी गोष्ट ही होती की अहवालात माझाही ओके होता आणि तो दुसऱ्या कुणी तरी, सौम्य भाषेत सांगावा असं मला वाटत होतं. पुढचा, कार्यकारिणीचा सोमवार आला, अहवाल आला नाही. तेव्हा मी सुट्टी टाकली, याद्या आणि नोंदी छापून घेतल्या आणि पहाडगंजला गेले.

कार्यकारिणीचे पाच जण होते. ताई दाराजवळच्या खुर्चीत, इस्त्रीच्या साडीत, हातात पाकीट घेऊन बसल्या होत्या. मला बोलावलेलं नव्हतं, तरी आत जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. भोक काय होतं, घुसखोर कुठून आला, मेलचा काही संबंध नव्हता, काना कसा गेला. तो शब्द त्या खोलीत कुणाला समजावावा लागला नाही. एक वयस्कर सदस्य कपाळाला हात लावून ‘अरे देवा’ म्हणाले. ज्यांनी त्या दिवशी वाक्य अर्धं सोडलं होतं ते खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं की इथे कुणाला शिकवायची गरज असेल तर ती आम्हाला आहे.

सचिव म्हणाले की म्हणजे प्रश्न मिटला, ताईंचं पुढचं वर्ष नक्की, इतिवृत्तात नोंद करू. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मला वाटलं ताई आता माझ्याकडे बघून हसतील. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघत होते.

ताईंनी विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला कधी कळलं?”

“परवाच्या नाही, त्याआधीच्या शनिवारी.”

“म्हणजे नऊ दिवस झाले.” त्या उठून उभ्या राहिल्या. “या नऊ दिवसांत मी खालच्या सगळ्या खोल्यांतून माफी मागून आले. किनवटच्या आजोबांची तारीख गेली होती, त्यांच्या पाया पडले. मिस्टरांना सांगितलं की माझ्या हातून झालं. तुम्ही एक फोन करायचा होता.”

मी कंपनीचं, लीगलचं काहीतरी बोलायला गेले. पण ते माझं मलाच ऐकवेना. सचिव मध्ये पडून म्हणाले की झालं गेलं, आता नोंद होईल. ताई म्हणाल्या की नोंद नको, माझं लेखी घेतलंय तसं मॅडमनी लेखी द्यावं. आणि त्यांनी पाकिटातून कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ते पाकीट राजीनाम्याचं होतं हे मला तेव्हा दिसलं. वरचा कागद त्यांच्या अक्षरात होता, त्या खालचा कोरा त्यांनी मला दिला.

मी लिहायला बसले. नोंदींबद्दल लिहिलं, मेलबद्दल लिहिलं, ताईंचा यात काहीही दोष नाही असं स्वच्छ लिहिलं. मग लिहिलं की यादीतील टंकलेखनाच्या चुकीमुळे सदर मशीनचे काम पहिल्या टप्प्यात राहून गेले. सही केली आणि कागद त्यांना दिला.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला, सावकाश, इस्पितळाला जाणारं पत्र वाचावं तसा. मग माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि टेबलावरची पेन्सिल उचलून दोन शब्दांखाली रेघ मारली.

“राहून कसं गेलं, मॅडम? तुम्ही माझ्या टेबलाशी बसला होतात. मी विचारलं होतं तुम्हाला.”

पाच माणसं बघत होती. मला त्या बाईचा संताप आला. तिला सोडवायला मी सुट्टी टाकून, नोकरीवर पाणी सोडायची तयारी करून आले होते, आणि ती मला एका क्रियापदाच्या मागेसुद्धा लपू देत नव्हती. मॅनेजरांवर चिडणं सोपं होतं, त्या गृहस्थांवर सोपं होतं. हिच्यावर चिडायला मला काही जागाच नव्हती, आणि त्यामुळे राग आणखीच वाढत होता.

“काय लिहू?” मी विचारलं.

“झालं ते लिहा. ‘मी केले नाही’ असं लिहा.”

मी ‘राहून गेले’ खोडलं आणि वर लिहिलं, मी केले नाही. ताईंनी खोडलेल्या जागी पुन्हा सही करायला सांगितली. मी केली. त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, मग सचिवांकडे वळून आपलं माफीचं पत्र परत मागायला हात पुढे केला, आणि ते फाइलमधून काढून मिळेपर्यंत तो खाली घेतला नाही.